बारा मुलांची बारावी

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर एक मथळा हमखास दिसतो: ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम’. खाली कनिष्ठ महाविद्यालयाचे नाव, शेकडेवारी, पहिल्या तिघांची छायाचित्रे आणि यशाचे श्रेय आईवडील व गुरुजनांना दिल्याचे वाक्य. त्या शाळेने वर्षभर काय केले, याबद्दल बाहेरच्या माणसाला कळते ते एवढेच. नागपुरातल्या हजार मुलांच्या महाविद्यालयाला आणि गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यात जंगलालगत दहा-बारा मुलांची विज्ञान शाखा चालवणाऱ्या शाळेला मोजपट्टी एकच. याच मोजपट्टीवर पालक मुलांचे दाखले हलवतात, संस्थाचालक शिक्षकांना जाब विचारतात आणि आढावा बैठकीत अधिकारी शाळांची नावे घेतात.

छोट्या शाळेचा वार्षिक निकाल असा वाचणे चूक आहे. ही चूक गणिताची आहे आणि दुरुस्त करता येण्यासारखी आहे. तिच्यामागे आणखी एक प्रश्न उभा आहे, तो जास्त महत्त्वाचा: मुलांना महाविद्यालयापर्यंत पोचवण्याची जबाबदारी घेतलेल्या शाळेने वर्षाचा हिशेब द्यायचा तो कोणाला?

आधी गणित पाहू. समजा, एका शाळेत बारावीला बारा मुले आहेत. शिकवणे चांगले आहे, इतके की कोणत्याही वर्षी तिथे बसणाऱ्या प्रत्येक मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता ८० टक्के आहे. शिक्षक तेच, मेहनत तीच, मुलांची तयारीही साधारण सारखी. तरी कोणाला परीक्षेच्या आठवड्यात ताप येतो, कोणाची बस चुकते, कोणाच्या घरात मृत्यू होतो, एखादा पेपर नेमका न केलेल्या धड्यांवर येतो. अशा शाळेत दर वर्षी ८० टक्केच निकाल लागेल असे नाही. संभाव्यतेचा हिशेब सांगतो की साधारण चौदा-पंधरा वर्षांतून एकदा बाराही मुले उत्तीर्ण होतील आणि शंभर टक्के निकाल लागेल. आणि जवळजवळ तितक्याच वेळा सात किंवा त्याहून कमी मुले उत्तीर्ण होतील, म्हणजे निकाल ५८ टक्के किंवा त्याखाली जाईल. शाळेत काहीही बदललेले नसताना!

आता जिल्ह्यात अशा हुबेहूब सारख्या तीस शाळा आहेत असे धरा. दर वर्षी त्यांतल्या सरासरी दोन शाळांचा निकाल शंभर टक्के लागेल आणि सरासरी दोन शाळा साठ टक्क्यांच्या खाली घसरतील. पहिल्या दोघींचा सत्कार होईल, दुसऱ्या दोघींना कारणे दाखवा नोटीस जाईल. पुढच्या वर्षी ही नावे बदलतील. सत्कार झालेल्या शाळेचा निकाल उतरला की लोक म्हणतील यश डोक्यात गेले, आणि नोटीस मिळालेल्या शाळेचा वर आला की अधिकारी म्हणतील कडक भूमिका घेतली म्हणून सुधारणा झाली. दोन्ही निष्कर्ष खोटे असतील.

मुले १२० असती तर असे घडले नसते. तिथे ८० टक्क्यांची शाळा बहुतेक वर्षी ७३ ते ८७ टक्क्यांच्या दरम्यान राहते. नुसत्या योगायोगाने शंभर टक्के निकाल लागणे तिच्या बाबतीत जवळपास अशक्य आहे. म्हणून गुणवंत शाळांच्या यादीत वरच्या टोकाला छोट्या शाळा दिसतात आणि तळालाही छोट्याच शाळा दिसतात. थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या शाळांचे निकाल तपासून २००२ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. त्याच सुमारास यादीच्या वरच्या टोकाकडे पाहून ‘लहान शाळा म्हणजे चांगली शाळा’ असा समज अमेरिकेत पसरला होता आणि मोठ्या शाळांचे तुकडे पाडण्यासाठी देणगीदारांनी प्रचंड पैसा ओतला होता. यादीचा तळ कोणी पाहिलाच नव्हता. आपल्याकडे उलटे होते. आपण तळ पाहतो आणि लहान शाळा बंद करायला निघतो.

वरचा हिशेब प्रत्येक मूल स्वतंत्रपणे उत्तीर्ण किंवा नापास होते असे धरून केला आहे. प्रत्यक्षात छोट्या शाळेत संकटही सगळ्यांवर एकदम येते. गणिताचा एकुलता एक शिक्षक बदलून गेला आणि जागा दिवाळीपर्यंत रिकामी राहिली की बाराही मुलांचे गणित कच्चे राहते. म्हणून खरा चढउतार कागदावरच्यापेक्षा मोठा असतो. उपाय सोपा आहे. एका वर्षाचा निकाल पाहायचाच नाही, तीन वर्षांची मुले एकत्र मोजायची. बाराऐवजी छत्तीस मुले झाली की निकालातला हा डगमगता भाग निम्म्याच्या जवळपास येतो. त्यातून दिसते ती शाळा.

शेकडेवारीला दुसरा रोग आहे, तो छेदाचा. अंश कोणता, हे सगळे विचारतात. छेदात कोण धरले, हे फारसे कोणी विचारत नाही.

पुन्हा एक कल्पित शाळा घेऊ. अकरावीला तीस मुलांनी प्रवेश घेतला. बारावीच्या परीक्षेला बसली बावीस. उत्तीर्ण झाली वीस. वर्तमानपत्रात निकाल येतो ९१ टक्के. प्रवेश घेतलेल्या मुलांशी ताडून पाहिले तर तोच निकाल ६७ टक्के आहे. मधल्या काळात आठ मुले कुठे गेली? एखाद्या मुलीचे लग्न झाले असेल. एखादा मुलगा वडील आजारी पडले म्हणून घरच्या धानशेतीत गेला असेल. कोणी कला शाखेत गेला, कोणी आयटीआयला लागला, कोणी अकरावीत अडकला. आणि कोणाला, दुर्दैवाने, ‘तू १७ नंबरचा फॉर्म भर’ असे सांगितले गेले असेल. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठीचा हा फॉर्म मुळात शाळा सुटलेल्यांना पुन्हा संधी मिळावी म्हणून आहे. कच्चे मूल आपल्या निकालातून वगळण्यासाठी काही शाळा त्याचा वापर करतात, ही महाराष्ट्रभर शिक्षकांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. अशा वगळण्याने शाळेचा निकाल वाढतो, आणि वगळलेले मूल कोणाच्याच निकालात येत नाही.

ही अडचण जगभरची आहे. शिकागोतली अर्बन प्रेप अकॅडमी ही मुलांना महाविद्यालयासाठी तयार करणारी शाळा २००६ मध्ये सुरू झाली. २०१० मध्ये तिची पहिली तुकडी बाहेर पडली आणि १०७ च्या १०७ विद्यार्थ्यांना महाविद्यालयात प्रवेश मिळाला. शिकागोच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या या मुलांचे यश खरेच मोठे होते आणि त्याची बातमी देशभर गाजली. पण चार वर्षांपूर्वी त्या तुकडीत दीडशे मुले दाखल झाली होती. बाकीची सगळी वाया गेली असे नाही, काही दुसऱ्या शाळांत गेली असतील. पण ‘शंभर टक्के’ या आकड्यात त्यांना जागाच नव्हती.

छेद कसा जपायचा हे शिकायला गडचिरोली जिल्ह्याला शिकागोकडे पाहण्याची गरज नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने इथल्याच ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या कामाचा पाया होता मोजणी. दवाखान्यात आलेल्या बाळांपैकी किती वाचली, असा प्रश्न तिथे नव्हताच. गावात जन्मलेले प्रत्येक बाळ नोंदवायचे, जगले तर नोंदवायचे, दगावले तर नोंदवायचे, एकही सुटू द्यायचे नाही. शाळेच्या बाबतीतही हाच नियम लावायला हवा. नववीत किंवा अकरावीत ज्या दिवशी मुलाचे नाव हजेरीपटावर चढले, त्या दिवसापासून ते छेदात आहे. मग ते कुठेही जावो, ते कुठे गेले हे सांगणे शाळेचे काम.

निकालावर शाळेचे पोट अवलंबून ठेवले की काय होते, याचा अनुभवही जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आणली. तपासनीस वर्षातून एकदा यायचा, प्रत्येक मुलाची वाचन-लेखन-अंकगणिताची परीक्षा घ्यायचा, आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेचे अनुदान ठरायचे. शिक्षक त्या एका दिवसासाठी पुस्तके पाठ करून घेऊ लागले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होते, त्यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली. तीस-पस्तीस वर्षांनी ती मोडीत निघाली.

तोवर ती मुंबई इलाख्यातही आली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ज्यांनी निवेदन दिले त्यांत जोतीराव फुले होते. त्यांचे निवेदन १९ ऑक्टोबर १८८२ चे आहे. निकालानुसार अनुदानाबद्दल त्यांचे म्हणणे स्वच्छ होते: ज्या गरीब लोकांमध्ये अजून शिक्षणाची आवड रुजलेली नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत कामाची नाही, अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा उघडून कोणी शिक्षक पोट भरू शकणार नाही, तिथे सरकारी शाळा आणि खास प्रोत्साहनच हवे. आज अर्थशास्त्रज्ञ याला जोखीम कोणावर टाकायची याचा प्रश्न म्हणतील. फुल्यांनी तो अनुभवातून मांडला. निकालाची सगळी जोखीम शिक्षकावर टाकली, तर शिक्षक तिथेच जाईल जिथे निकाल आधीच हमखास आहे. मला हे निवेदन प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर असावेसे वाटते. दुर्गम तालुक्यात बदली झाली की ती रद्द करून घेण्याची धडपड का होते, आणि चांगला विज्ञान शिक्षक वडसा किंवा ब्रह्मपुरीच्या पलीकडे टिकत का नाही, याचे एक उत्तर त्यात आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात अशी पहिली शाळा उघडली. आज चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. शाळा सरकारी पैशावर चालते, फी नसते, पण तिला अभ्यासक्रम, वेळापत्रक, शिक्षकांची निवड यांत मोकळीक असते. बदल्यात ती ठराविक वर्षांचा, बहुधा तीन ते पाच वर्षांचा, लेखी करार करते: आम्ही ही मुले घेऊ, हे शिकवू, इतके साध्य करू. दर वर्षी अहवाल जाहीर करायचा. मुदत संपली की करार देणारी यंत्रणा तो पुन्हा देते किंवा देत नाही. न दिल्यास शाळा बंद. महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जातात त्या महापालिकांनी संस्थांच्या हाती सोपवलेल्या शाळा. पुण्यात ‘आकांक्षा’ संस्थेने २००७ पासून महापालिकेबरोबर अशा शाळा चालवल्या आहेत, आणि मुंबई महापालिकेने २०१३ मध्ये त्यासाठी धोरणच केले.

या पद्धतीतली मोकळीक आणि लेखी कबुली या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. तिसरी गोष्ट, निकाल न लागल्यास शाळा बंद, ही शहरात चालू शकते, कारण तिथे चार चौक पुढे दुसरी शाळा असते. कुरखेड्याच्या खेड्यात चालत नाही. इथे शाळा बंद केली की शिक्षा होते ती मुलांना, त्यातही मुलींना आधी. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पाच किलोमीटर म्हणजे एक दिवस. महाराष्ट्रात २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. दोन्ही वेळा कसोटी पटाची होती. त्या शाळांत मुले काय शिकली हे कोणी विचारले नाही.

आपली सगळी जबाबदारीची व्यवस्था पटावर उभी आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ३० सप्टेंबरचा पट, त्यावरून संचमान्यता, त्यावरून शिक्षकांची पदे, त्यावरून पगार. शिक्षकाची नोकरी मुलांच्या संख्येवर टांगलेली असली की संख्या वाढते, मुले नसली तरी. म्हणून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी करावी लागली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, मतदानाला लावतात तशी. लाखो नावे खोटी निघाली. आता आधार जोडणी आहे, यू-डायस प्रणालीत प्रत्येक मुलाची वेगळी नोंद आहे, त्यामुळे खोटा पट अवघड झाला. पण माहितीची दिशा तीच राहिली. मुख्याध्यापक भरतो, केंद्रप्रमुख तपासतो, पंचायत समितीतून गटशिक्षणाधिकारी पुढे पाठवतो, जिल्हा परिषदेतून ती पुण्याला आणि तिथून दिल्लीला जाते. आश्रमशाळेची माहिती आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या वाटेने वर जाते. ज्या बाईच्या मुलीबद्दल ही माहिती आहे, तिच्यापर्यंत त्यातला एक आकडाही परत येत नाही.

मोठ्या सर्वेक्षणांकडून ही उणीव भरून निघेल अशी आशा धरू नये. ‘प्रथम’ची ‘असर’ पाहणी २००५ पासून देशभर होते आणि तिने मुले शाळेत असूनही वाचू शकत नाहीत हे सत्य ठामपणे समोर आणले. ती जिल्ह्यातली तीस गावे आणि प्रत्येक गावातली वीस घरे निवडते. त्यावरून गडचिरोली जिल्ह्याबद्दल काही सांगता येते. कुरखेडा तालुक्याबद्दल नाही, आणि एका शाळेबद्दल तर मुळीच नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांचेही तेच. ‘शाळा सिद्धी’ या सरकारी उपक्रमात शाळा स्वतःचे मूल्यमापन सात क्षेत्रांत आणि ४६ मानकांवर करते. शिक्षकांनी मनावर घेतले तर त्यातून शाळेला आरसा मिळतो. पण बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात संगणकावर भरायचा तो एक रकाना होऊन बसतो.

मग हिशेब विचारणार कोण?

कायद्याने एक उत्तर दिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा. पण अनुदानित खासगी शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. आणि कायदा आठवीपर्यंतच. नववी ते बारावी या चार वर्षांत, जिथे मूल महाविद्यालयाकडे वळते किंवा वाटेत गळते, तिथे पालकांच्या हाती पालक-शिक्षक संघाची सभा सोडून फारसे काही उरत नाही.

कुरखेड्याच्या बाबतीत मात्र दुसरा कायदा आहे, आणि तो फारसा कोणी शाळेच्या संदर्भात वाचत नाही. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. पेसाच्या कलम ४ मध्ये ग्रामसभेला आणि योग्य स्तरावरच्या पंचायतींना जे अधिकार दिले आहेत, त्यांत गौण वनोपजाची मालकी आहे, सावकारीवर नियंत्रण आहे, आणि सामाजिक क्षेत्रातल्या सर्व संस्था व कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकारही आहे. शाळा ही सामाजिक क्षेत्रातली संस्था नाही, असे कोण म्हणेल?

वनोपजाचा अधिकार लोकांनी वापरून दाखवला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर जिल्ह्यात शेकडो गावांनी तो मिळवला. कुरखेड्यात १९८४ पासून काम करणारी ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था या वाटेवर गावांच्या सोबत राहिली. कुरखेडा-कोरची भागातल्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. किती पुडे गोळा झाले, ठेकेदाराने काय भाव दिला, मजुरी किती वाटली, ग्रामसभेच्या खात्यात किती उरले, हे सभेत वाचून दाखवले जाते आणि अक्षरओळख नसलेली माणसेही त्यातली चूक पकडतात. लाखो रुपयांचा हिशेब ऐकणाऱ्या या सभेला शाळेचा हिशेब कळणार नाही, असे समजणे तिचा अपमान आहे.

धानोरा तालुक्यातल्याच मोहगावने याच्याही पुढे पाऊल टाकले. तिथे २०१९ मध्ये ग्रामसभांनी गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली, पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण न्यायालयात गेले. शाळा कोणी काढायची यावर मतभेद असू शकतात. पण ती शाळा कोणाला उत्तर देते, याबद्दल मोहगावात कोणाच्या मनात संभ्रम नाही.

ग्रामसभेपुढे शाळेने काय मांडावे? माझ्या मते एक पान पुरेसे आहे, पण ते या तालुक्याचे असावे.

त्यात पहिली ओळ दाखल झालेल्या मुलांची: तीन वर्षांत अकरावीला नाव घातलेली किती, बारावीपर्यंत पोचलेली किती, उत्तीर्ण किती, सुटलेली कुठे गेली. त्यानंतर हजेरी, पण वर्षाची सरासरी नको. सरासरीत खरी गोष्ट बुडते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते, त्या आठवड्यांत वर्गात किती मुले होती ते सांगा. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, मे महिन्यात तेंदू असतो. घरातला वर्षाचा रोख पैसा याच दिवसांत येतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा साधारण मेच्या पहिल्या रविवारी येते, नेमकी तेंदूच्या तोंडावर. घरातले सगळे पहाटे जंगलात जात असताना परीक्षेला बसणारी मुलगी गावात राहते, अभ्यास करते, ही त्या घराने केलेली गुंतवणूक आहे. शाळेने त्या महिन्यात तिच्यासाठी काय केले, हे अहवालात यायलाच हवे. उन्हाळी वर्ग घेतला का, परीक्षा केंद्रापर्यंत जाण्याची सोय केली का?

एक ओळ कागदपत्रांची असावी. मैदानी भागातल्या वाचकाला ही बाब किरकोळ वाटेल, पण इथे तिच्यावर प्रवेश अडतात. अनुसूचित जमातीच्या मुलाला राखीव जागेवर अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा कृषीसारख्या अभ्यासक्रमात जायचे तर जातवैधता प्रमाणपत्र लागते. ते गडचिरोलीच्या तपासणी समितीकडून मिळते, त्यासाठी आजोबा-पणजोबांचे जुने दाखले, कोतवाल बुकाची नक्कल अशा गोष्टी शोधाव्या लागतात आणि महिने जातात. अकरावीतच ज्याचा अर्ज शाळेने भरून घेतला त्याचे काम होते. बारावीच्या निकालानंतर जो धावपळ करतो त्याची जागा जाण्याची भीती असते. म्हणून महाविद्यालयाची तयारी करून घेणाऱ्या शाळेचा कस माझ्या मते भौतिकशास्त्राच्या गुणांइतकाच या प्रश्नात लागतो: बारावीतल्या किती मुलांच्या हातात निकालाच्या दिवशी वैधता प्रमाणपत्र होते? हे पूर्णपणे शाळेच्या आवाक्यातले काम आहे. त्यात नशिबाचा भाग जवळजवळ नाही, म्हणून छोट्या शाळेलाही ही मोजपट्टी न्याय देते.

आणि शेवटची ओळ एका वर्षानंतरची. महाविद्यालयात प्रवेश मिळणे म्हणजे महाविद्यालयात टिकणे नव्हे. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले, २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिक्षण पूर्वीपेक्षा जवळ आले आहे. तरी कुरखेड्याहून निघालेला मुलगा जिल्ह्यातल्या एकमेव रेल्वे स्थानकावर, वडशाला, गाडी पकडतो तेव्हा त्याच्या पुढ्यात वसतिगृहाची यादी, शिष्यवृत्तीचा अर्ज, इंग्रजी पुस्तके आणि त्याच्या झाडीबोलीला हसणारी मुले असतात. घरी गोंडी बोलणाऱ्याला तर मराठी वर्गापासूनच ही चढण सुरू झालेली असते. दिवाळीत घरी आलेला मुलगा परत जातच नाही, असे होते. वर्षभराने किती जण टिकले, हे शाळेने फोन करून विचारावे. बारा मुलांची चौकशी एका दुपारी होते. हजार मुलांच्या महाविद्यालयाला हे कधीच जमणार नाही. छोट्या शाळेचे बळ ते हेच, आणि तिचा अहवाल या बळावर उभा राहायला हवा.

एक काळजी मात्र घ्यावी लागेल. पन्नास घरांच्या गावात ‘दोनपैकी एक नापास’ असे वाचले की ते मूल कोण हे सगळ्यांना कळते. आकडेवारीत लपण्याची सोय छोट्या गावात नसते. म्हणून एकेका मुलाचे गुण फक्त त्याच्या आईवडिलांसमोर, आणि सभेपुढे शाळेचे तीन वर्षांचे एकत्रित आकडे. शिक्षकांच्या बाबतीतही तसेच. रिकामी जागा, रजा, मंजूर पदे यांचा हिशेब सभेने घ्यावा. गुरुजींच्या वर्गातल्या कामाबद्दल बोलायचे तर आधी तो वर्ग पाहावा. सभेनेही स्वतःची बाजू मांडावी: रोवणीत मुलांना किती दिवस घरी ठेवले, मुलीचे लग्न बारावीआधी ठरवणाऱ्यांना कोणी थांबवले का, पेसाच्या निधीतून अभ्यासिकेसाठी किती दिले.

तारखाही सोयीच्या आहेत. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतेच. ऑगस्टमध्ये प्रवेशांची धावपळ सुरू असते, त्यामुळे निकालाचा आणि प्रवेशाचा हिशेब २ ऑक्टोबरला मांडावा, मागल्या तुकडीतले कोण टिकले याच्यासह. हजेरीचा आणि कागदपत्रांचा हिशेब मात्र २६ जानेवारीला हवा. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. जानेवारीत एखादी मुलगी पंधरा दिवस वर्गात दिसली नसेल, तर तिच्या घरी जाऊन यायला तेव्हा अजून वेळ असतो.